डाग नाही, तडा नाही

सोमवारी संध्याकाळी पाळणाघराच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, मला एक हसणं ऐकू आलं आणि मी कठड्याला धरून थांबले. लहान मुलाचं हसणं होतं, पोटातून आलेलं, मध्येच उचकी लागून परत सुरू होणारं. मला आधी वाटलं, नवीन मूल आलेलं दिसतंय. मग वर दाराशी बघितलं. पाळणाघरात पाच मुलं असतात आणि दाराबाहेर चपलांची एकच जोडी उरली होती. निळी, डाव्या पायाचा पट्टा मी स्वतः शिवलेला. म्हणजे बाकीची चौघं घरी गेली होती आणि आत हसत होती ती माझी मुलगी. वीस महिन्यांची आहे ती, आणि वीस महिन्यांत हा आवाज मी पहिल्यांदा ऐकत होते. मी उरलेल्या पायऱ्या चढले, बेल दाबली, आणि हसणं बंद झालं. हळूहळू कमी वगैरे झालं नाही, बंदच झालं. मावशीनं दार उघडलं. ही पाळणाघर चालवणारी बाई, तिला सगळेच मावशी म्हणतात. माझी मुलगी ट्यूबलाइटच्या बरोबर खाली उभी होती, दोन्ही हात पसरलेले, तोंड मिटलेलं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि जागच्या जागी सावकाश एक फेरी घेतली. आधी पाठ दाखवली, मग पोट. "बघा, तुमची गुंडी तयारच आहे," मावशी म्हणाली. ती हसत होती. मला ते हसणं आवडलं नाही.

मी तिला रोज तपासते हे खरं आहे. पाळणाघरातून घेताना दिव्याखाली उभी करते, केस बाजूला करून कानामागे बघते, बोटं उलगडते, फ्रॉक वर करून पाठ बघते, वळवून पोट बघते. पडली असेल, कुणी चावलं असेल, चिमटा काढला असेल. मूल सांगू शकत नाही, मग कोण सांगणार? मावशी सांगणार? पण म्हणून पोर स्वतःहून हात पसरून उभी राहील, हे मला पटेना. हे कुणीतरी शिकवलेलं होतं. माझी पाठ वळली की मावशी इतर आयांसमोर माझी नक्कल करत असणार, आल्या बरं का तपासनीसबाई, आणि नकलेला माझीच पोर वापरत असणार. ते एक वेळ सोडून देऊ. पण हसणं? घरी ही बया दगडासारखी गप्प असते. रडतसुद्धा नाही. भूक लागली तर स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसते, मी ओळखेपर्यंत. तिथं मात्र खदखदून हसते. मग तिथं तिला काय देतात? असल्या गोष्टी मी वाचलेल्या आहेत. मुलं किरकिर करू नयेत म्हणून सर्दीचं औषध पाजणाऱ्या बायका असतात. त्या औषधानं काही मुलं झोपतात आणि काही उगाच हसतात, असं मी कुठंतरी वाचलं होतं, किंवा वाचलं होतं असं मला त्या जिन्यात वाटलं. घरी गेल्यावर मी तिच्या तोंडाचा वास घेतला. केळ्याचा वास आला.

माझा कुणावर विश्वास नाही आणि त्याचाच मला पगार मिळतो. इंजेक्शनच्या औषधाच्या बोटभर काचेच्या बाटल्या असतात ना, त्या आमच्या कारखान्यात होतात, आणि मी त्या तपासायला बसते. समोर एक खोका, अर्धा काळा, अर्धा पांढरा, वर दिवा. बाटली मानेला धरायची, काळ्यासमोर फिरवायची, पांढऱ्यासमोर फिरवायची. काळ्यासमोर तडे दिसतात, पांढऱ्यासमोर डाग. चांगली असेल तर डावीकडच्या ताटात, वाईट असेल तर उजवीकडच्या लाल खोक्यात. ती फुटते, वितळते, परत काच होते. कामाला लागले त्या दिवशी शेजारच्या खुर्चीतल्या बाईनं मला एक युक्ती शिकवली. तिला सगळे दुर्बीण म्हणतात, वीस वर्षं झाली तिला इथं. ती म्हणाली, "नुसतं बघत राहिलीस की डोळे उघडे राहतात आणि डोकं झोपतं. म्हणून तोंडानं पुटपुटायचं. प्रत्येक बाटलीला. डाग नाही, तडा नाही, जा पुढे." तेव्हापासून मी दिवसाला तीन-चार हजार वेळा हे म्हणते. वर पुन्हा साहेब लोक आमची परीक्षा घेतात. मुद्दाम खराब केलेल्या, खुणेच्या बाटल्या गुपचूप आमच्या ढिगात सोडतात, आम्ही पकडतो की नाही बघायला. आम्ही त्यांना पाहुण्या म्हणतो. पाहुणी कधी येईल सांगता येत नाही, म्हणून प्रत्येक बाटलीकडे ती पाहुणी आहे असंच बघायचं. अकरा वर्षांत माझी एकही पाहुणी सुटलेली नाही. बाळंतपणाची रजा सोडून.

आता घरात पाहुण्या सुटल्यात असं मला वाटायला लागलं होतं. सासूबाई रविवारी येऊन गेल्या. वाईट बाई नाही ती. पण जाताना गुंडीच्या हनुवटीला धरून म्हणाल्या, "वीस महिने झाले, अजून आई नाही की बाबा नाही. माझी चारही पोरं दीड वर्षाची असताना माझं डोकं खात होती." मग मला म्हणाल्या, "शुक्रवारी दवाखान्यात नेणार ना, तिथं काय म्हणतात ते कळवा. काही कमी असलं तर मी हिला घेऊन जाते सहा महिने. तुमचंही औषध चालू आहे, तुम्हाला आराम मिळेल." नवरा दाराशी चपला घालत होता. तो काही बोलला नाही. लिफ्ट दुरुस्तीचं काम करतो तो, दिवसभर कुठल्या ना कुठल्या इमारतीच्या भोकात लटकलेला असतो, न बोलण्याची सवय आहे त्याला. पण त्याच्या त्या गप्प राहण्यात मला ठरलेलं काहीतरी दिसलं. सहा महिने म्हणजे सहा महिने नसतात. सहा महिन्यांत पोरीला दुसरी कूस कळते, दुसरा वास कळतो. आणि एकदा गेलेली पोर 'आता रुळली आहे, कशाला हलवायची' म्हणून राहते, हे कळायला मला कुठल्या डॉक्टरची गरज नव्हती. दवाखान्याचा फॉर्म फ्रिजला चुंबकानं लावलेला होता. त्यात प्रश्न होते. बाळ बोटानं वस्तू दाखवतं का? हाक मारल्यावर बघतं का? किती शब्द बोलतं? पुढे रिकामी रेघ. मी रोज सकाळी दूध काढताना ती रेघ बघायचे आणि फ्रिज बंद करायचे.

खरं तर ती पोटात असतानाच मला वाटायचं की हिला कुठंतरी तडा आहे. सोनोग्राफीवाली बाई सगळं छान म्हणाली की मी विचार करायचे, हिनं पडदा माझ्याकडे पूर्ण का नाही वळवला? त्या वर्षी कारखान्यात माणसं कमी करत होते, नवरा सात महिने बिनकामाचा होता, मी आठव्या महिन्यापर्यंत खुर्चीवर बसून बाटल्या फिरवल्या आणि झोप म्हणून लागली नाही. झाली तेव्हा ती अगदी नीट होती. दहा बोटं, दहा बोटं. मी तिला दिव्यासमोर धरलं आणि मला काहीच सापडलं नाही, आणि काहीच सापडलं नाही याची मला भीती वाटली. पुढचे सात महिने मला नीटसे आठवत नाहीत. खिडकीजवळची खुर्ची आठवते, खुर्चीच्या हातावरची उसवलेली पट्टी आठवते. समोर गादीवर ती. आधी रडायची. मग रडणं थांबवून माझ्याकडे बघायची, तोंड हलवायची, हात उडवायची, हाक मारल्यासारखा आवाज काढायची. मीही बघत असायचे. बघणं माझं कधीच बंद पडलं नाही. पण चेहऱ्यावरचं काही हलायचं नाही. हिला बघून हसायचं असतं, असा निरोप आतून निघायचा आणि वाटेत कुठंतरी राहून जायचा. ती परत करायची. परत. पुन्हा परत. आणि एके दिवशी तिनं ते सोडून दिलं. मान फिरवून पंख्याकडे बघायला लागली. लोक म्हणाले, किती शहाणं बाळ, मुळीच त्रास देत नाही. सासूबाईंनी सगळ्या नातेवाइकांना फोन करून हे सांगितलं. मला मात्र तो दिवस लख्ख आठवतो. हे मी कुणालाही सांगितलेलं नाही.

मग मनाच्या डॉक्टरीणबाई झाल्या, गोळ्या झाल्या. त्या म्हणाल्या, "हा आजार आहे, तुमचा गुन्हा नाही. पण बाळाला आजार वगैरे कळत नाही. ते तुमच्या तोंडाकडे बघतं आणि त्यावरून ठरवतं की इथं बोलण्यात काही अर्थ आहे की नाही. वेळ गेलेली नाही. तिच्याशी बोला." मी विचारलं, काय बोलू? मला खरंच सुचत नव्हतं. त्या म्हणाल्या, "काहीही. तुमच्या तोंडात जे बसलंय ते. तुम्ही रोज जे बोलता ते." गोळ्यांनी झोप आली, भूक आली, दहाव्या महिन्यात मी कामावर परत गेले, आणि आंघोळ घालताना, अंग पुसताना, फ्रॉक चढवताना तिच्याशी बोलायला लागले. जे तोंडात बसलं होतं तेच. कानामागे टॉवेल फिरवताना, डाग नाही. पाठ पुसताना, तडा नाही. आणि खाली सोडताना, जा पुढे. मी डॉक्टरीणबाईंना सांगितलं, बोलते हं मी तिच्याशी. त्यांनी शाबासकी दिली. काय बोलते ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

मंगळवार विचारात गेला. बुधवारी मी माझा जुना फोन आवाज टिपायला लावून गुंडीच्या पिशवीच्या तळाशी ठेवला, वर जादा कपडे, वर अस्वल. हे अस्वल तिचं एकमेव खेळणं, एक कान गेलेलं. मला लाज वाटली का? नाही. मावशीच्या ढिगात मी एक पाहुणी सोडली, बस. आमच्यावर सोडतात तेव्हा कुणाला लाज वाटते? संध्याकाळी पिशवी परत आली, फोन जागेवर होता, आठ तास चाळीस मिनिटं टिपलेली. घरी ऐकायची सोय नव्हती; नवरा होता. त्याच्यावरही माझी नजर होतीच. त्या आठवड्यात तो दुपारचा फोनवर सापडत नव्हता आणि विचारल्यावर "विहिरीत होतो" म्हणाला. लिफ्ट जिथून वरखाली करते त्या भोकाला ते विहीर म्हणतात. मी म्हटलं, बरी आहे विहीर, रोज जेवणाच्या वेळेलाच लागते.

गुरुवारी फोन कारखान्यात नेला. आमच्याकडे अर्धा तास तपासलं की दहा मिनिटं डोळ्यांना विश्रांती, कायदाच आहे तसा. त्यासाठी एक अंधारी खोली आहे, भिंतीला बाकं लावलेली. बायका तिथं डोळे मिटून बसतात आणि बडबडतात. मी कोपरा धरला आणि एका कानात तार घातली. दुर्बिणीनं डोळे मिटलेलेच ठेवून विचारलं, "कान दुखतो का गं?" मी हो म्हटलं. पहिल्या दहा मिनिटांत पिशवीची चेन, कपड्यांची खसखस, "आली का गुंडाबाई, ये," कुणाचं तरी रडणं, बादलीचा आवाज. काही नाही. परत अर्धा तास बाटल्या. दुसऱ्या दहा मिनिटांत मी पुढे सरकवून सकाळचे अकरा गाठले आणि चमचा ऐकला. वाटीत चमचा फिरत होता, काहीतरी कालवलं जात होतं, आणि मावशी म्हणत होती, "घे राजा, घे. कडू नाहीये. आ कर." सापडलीस, मी मनात म्हटलं. अंधारात माझ्या छातीचे ठोके मला कानातल्या तारेतून आल्यासारखे ऐकू येत होते. मग मावशी ओरडली, "अरे केळं आहे ते, औषध नाही, गेल्या जन्मी डॉक्टरनं मारलं होतं का तुला?" आणि एक मुलगा जोरात रडायला लागला. वेळ संपली. मी परत खुर्चीवर जाऊन बसले. खरं सांगायचं तर माझी निराशा झाली होती. औषध असतं तर सोपं होतं.

तिसऱ्या वेळी मी फोनमध्ये जेवणाच्या सुमाराला गेले. दार वाजलं, आणि पाठोपाठ ते हसणं आलं. तेच. उचकीसकट. त्या हसण्याच्या वरून पुरुषाचा आवाज आला, कुत्र्यासारखा भुंकणारा, मांजरासारखा गुरगुरणारा, काहीच्या काही आवाज काढणारा पुरुष, आणि गुंडी किंचाळून किंचाळून हसत होती. तो पुरुष माझा नवरा होता. मी त्याला नऊ वर्षं ओळखते, मला माहीत नव्हतं त्याला भुंकता येतं. मावशी म्हणाली, "भाऊ, रोज येता, हिच्या आईला एकदा सांगा तरी. मला अवघडल्यासारखं होतं." तो म्हणाला, "नको. तिला वाईट वाटेल. घरी ही असं हसत नाही." मावशी म्हणाली, "मग घरी करा ना हेच." थोडा वेळ नुसती गुंडीची धाप ऐकू आली. मग तो म्हणाला, "घरी मी हसलो की ती विचारते, काय झालं, कशाला हसलास. सांगता येत नाही हो, कशाला ते. मग हसणंच सुटलं. आता आम्ही तिघंही तिच्या तोंडाकडे बघून असतो." तिघं म्हटलं त्यानं. मी मोजलं. तो, गुंडी, आणि तिसरी मीच असणार. मला राग यायला हवा होता, आणि आलाही, जळले मी. माझ्या पाठीमागे भेटतात, माझ्या पाठीमागे हसतात, सगळे एक झालेत. पण तो राग धरायला जागा सापडेना. मी बाटल्यांवर परत गेले आणि सगळ्याच बाटल्या मला वाईट दिसायला लागल्या. ही फेकली, तीही फेकली. दुर्बीण तिरकं बघत म्हणाली, "आज काय लग्न आहे का लाल खोक्याचं?"

चौथ्या वेळी फोनमध्ये दुपारचे तीन होते. खोलीत शांत होतं, पोरं झोपली असणार. मग पिशवीची चेन अगदी जवळून वाजली आणि कुणाचा तरी श्वास आला. छोटा, तोंडानं घेतलेला. ती अस्वल काढत होती. खसखस झाली. आणि मग माझ्या कानात, अगदी कानात, एक बारीक आवाज म्हणाला, "दाग नाई." थांबला. "तला नाई." परत खसखस, अस्वलाला वळवल्याची. "दा पुधे." मी तार दाबून धरली. ती परत म्हणाली, तीन वेळा, पाच वेळा, न अडखळता, त्याच चालीत, माझ्या चालीत. बोलत होती. माझी मुलगी बोलत होती. माझ्या डोक्यात आधी आलं ते हेच की हे मावशीनं शिकवलंय, नक्कल पुरी झाली म्हणायची. पण तेवढ्यात लांबून मावशीचाच दबका आवाज आला, "कुणाशी बोलतेस गं? काय म्हणतेस अस्वलाला? कुठून शिकलीस हे?" तिलाही कळलं नव्हतं. कळणार कसं? जगात फक्त आम्हा तपासणाऱ्या बायकांना कळेल असं ते वाक्य होतं. वीस महिन्यांच्या पोरीनं शब्द उचलले होते, तिच्या आईनं तिला जे दिले होते तेच, आणि ती ते जपून माझ्यापासून लांब नेऊन म्हणत होती.

शेवटची दहा मिनिटं मी ऐकायला नको होती, पण मी काय ते न ऐकता सोडणारी आहे? फोनमध्ये साडेपाच वाजले होते. आत गाणं म्हणणं चाललं होतं, मावशी टाळ्या वाजवत होती, गुंडी मध्येच काहीतरी ओरडत होती. बेल वाजली. ती बेल मी वाजवली होती. गुंडीचा आवाज थांबला आणि पावलं ऐकू आली, छोटी, धावती, चार-पाच. दाराकडे नाही, उलट्या दिशेला. दिव्याखाली. दार उघडलं. मग एक बाई बोलली. तिच्या आवाजात काही चढत नव्हतं, काही उतरत नव्हतं. ती म्हणाली, "वळ." मग म्हणाली, "हात." आठ तासांनी भेटलेल्या पोरीला ती बाई असं बोलली. मला तिच्या कानाखाली मारावीशी वाटली. आणि मग ती पोरीच्या कानाशी पुटपुटायला लागली, हातातल्या पिशवीशिवाय कुणाला ऐकू जाणार नाही इतक्या हळू, डाग नाही, तडा नाही. मी तार काढली. अंधारात शेजारी दुर्बीण डोळे मिटून बसली होती. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. मी रडले. आवाज न करता कसं रडायचं ते मला येतं, खिडकीजवळच्या त्या खुर्चीत शिकलेले आहे.

चारला सुपरवायझरनं बोलावलं. त्याच्यासमोर माझा लाल खोका उपडा केलेला होता. "पाहुण्या सहा होत्या, सहाही पकडल्यात," तो म्हणाला, "पण तुमच्या खोक्यातून एकशेबारा चांगल्या निघाल्या. दुसऱ्या बाईकडून परत बघून घेतल्या मी. एकशेबारा. काही नाही त्यांच्यात." मी म्हटलं, मला दिसलं त्यांच्यात काहीतरी. तो म्हणाला, "चांगली बाटली फेकणं हीसुद्धा चूकच धरतात, तुम्हाला मी सांगायला पाहिजे का? बरं वाटत नसेल तर जा घरी." मी एक बाटली उचलली, त्याच्या टेबलाच्या दिव्यासमोर धरली. खरंच काही नव्हतं. मी ती ताटात ठेवली.

बसथांब्यावर बाकावर बसून मी विचार केला, म्हणजे हिशोबानं केला, एरवी मी करते तसा वेडावाकडा नाही. उद्या दवाखान्यात गुंडी तोंड उघडणार नाही, कारण मी तिथं असणार. ते रेघेवर शून्य लिहितील आणि सासूबाई पिशवी भरतील. नाहीतर मला हा फोन पुढे करावा लागेल. मग पोर बोलते हे सिद्ध होईल, आणि आई पिशवीत फोन लपवते हेही. हिला परत सुरू झालं, म्हणतील. आणि असल्या बाईकडे पोर ठेवायची की नाही, हा प्रश्न आजच्यापेक्षा मोठा होऊन परत समोर येईल. फोन पुसून टाकायला एक बोट पुरलं असतं. मी बोट त्याच्यावर ठेवलंसुद्धा. मग नवऱ्याला फोन लावला. तो खरोखरच विहिरीत होता, आवाज घुमत होता. मी म्हटलं, "तू दुपारी जातोस, मला माहीत आहे. तुला भुंकता येतं हेही माहीत आहे." त्यानं विचारलं, "मावशी बोलली?" मी म्हटलं, "नाही. मी फोन ठेवला होता पिशवीत. ऐकला." लांब कुठंतरी साखळी वाजली. त्यानं अगदी हळू विचारलं, "परत सुरू झालं का गं?" एरवी या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर तयार असतं, तुला कुणी सांगितलं, कुणाशी बोलत होतास. मी म्हटलं, "हो. गेलंच नव्हतं बहुतेक. उद्या दवाखान्यात तो फोन न्यायचा आहे. गुंडी बोलते. काय बोलते ते ऐकशील तर तुला माझी लाज वाटेल, पण बोलते. आणि डॉक्टरीणबाईंकडेही जायचंय. त्यांना सगळं सांगायचंय, पहिल्यापासून." "आणि आईनं नेते म्हटलं तर?" "तर तू तोंड उघड. चपला घालत बसू नकोस." तो हसला. हसून लगेच थांबला. "कशाला हसलास?" असं माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं. म्हटलं, "हस."

जिन्यात दुसऱ्या मजल्याच्या वळणावर मी थांबले. आत टाळ्या चालल्या होत्या. बेल वाजवायच्या आधी मी माझा चेहरा हातानं चाचपून बघितला, तो कसा आहे ते आतून मला कळत नाही म्हणून. मग बेल वाजवली. सगळं कालच्यासारखंच झालं. गाणं थांबलं, पावलं पळाली, मावशीनं दार उघडलं, आणि गुंडी दिव्याखाली हात पसरून उभी. तिनं मला बघितलं आणि वळायला सुरुवात केली. मी म्हटलं, "राहू दे, गुंडे." तिला ते कळलं नाही, ती वळतच राहिली, पाठ, मग पोट. मी चपला काढल्या, तिच्याजवळ गेले आणि दिव्याखाली जमिनीवर बसले. तिच्याएवढी झाले. दोन्ही हात पसरले. मावशी दाराचा कडी-कोयंडा धरून तशीच उभी होती. तिला वाटलं असणार की आता बाई पूर्णच गेली. मी बसल्या बसल्या एक फेरी घेतली, गुडघ्यांवर, पाठ, पोट, आणि परत तिच्या समोर आले. "आता तू बघ," मी म्हटलं.

गुंडीनं आधी मावशीकडे बघितलं, मग दाराकडे. मग माझ्याकडे, खूप वेळ. तिच्या त्या बघण्याची मला भीती वाटली, कारण ते मी ओळखत होते. प्रत्येक बाटलीकडे मी असंच बघते. ती दोन पावलं पुढे आली. तिनं माझे केस बाजूला केले आणि एका कानामागे बघितलं. दुसऱ्या कानामागे बघितलं. माझी बोटं उलगडून बघितली, सगळी नाही, तीन. मग माझी हनुवटी धरून तोंड दिव्याकडे वर केलं. डोळ्याखाली कुठंतरी ओलं राहिलं असणार, माझ्या लक्षात नव्हतं. तिनं तिथं बोट ठेवलं. बोटानं दाखवतं का, फॉर्ममध्ये विचारलं होतं. "दाग," ती म्हणाली. माझ्यासमोर, माझ्या तोंडावर, पहिला शब्द.

"हो," मी म्हटलं. "आहे."

ती विचारात पडली. मग तिनं ते बोट स्वतःच्या फ्रॉकला पुसलं, माझ्या गालावर पंजा ठेवून मला जरासं ढकललं आणि म्हणाली, "दा पुधे."

आमच्या कारखान्यात डाग असलेल्या बाटलीला जा पुढे म्हणत नाहीत. मी तिला ते सांगितलं नाही.